नीट-एमडीएसचा निकाल लागला. आता जागा आणि परवाना, दोन्हींचा हिशेब (ठाणे-नवी मुंबईच्या बीडीएस झालेल्यांसाठी)

नेरुळ स्टेशनला उतरून डी. वाय. पाटीलचं दंत महाविद्यालय गाठता येतं आणि तेरणाचंही. एमडीएसला, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घ्यायचा म्हटला की मात्र दोन्हींचे रस्ते वेगळे होतात. पहिलं अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं, म्हणून तिथल्या जागा दिल्लीच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून, म्हणजे एमसीसीकडून भरल्या जातात. दुसरं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न असलेलं खासगी महाविद्यालय, म्हणून तिथला प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून, म्हणजे सीईटी सेलकडून. नीट-एमडीएस या देशव्यापी प्रवेश परीक्षेचा निकाल दोन्हीकडे एकच चालतो. नोंदणी मात्र दोनदा, पैसे दोनदा, मुदती वेगवेगळ्या. बऱ्यापैकी रँक असूनही जागा हुकते ती बहुतेक वेळा इथे, परीक्षेत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू: हा निकाल म्हणजे परवाना नव्हे

घरचे, शेजारचे आणि कधीकधी स्वतः इंटर्नही नीट-एमडीएसला ‘डेंटिस्टची लायसन्सची परीक्षा’ म्हणतात. ती तशी नाही. आपल्याकडे दंतवैद्याला प्रॅक्टिसचा अधिकार मिळतो तो बीडीएस, त्यानंतरची १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि राज्य दंत परिषदेकडची नोंदणी या मार्गाने. मूळ कायदा १९४८ चा दंतवैद्यक अधिनियम. नीट-एमडीएसमध्ये नापास झालेला माणूसही नोंदणी असेल तर ऐरोलीत दवाखाना उघडू शकतो. उलट रँक कितीही वरचा असो, नोंदणी नसेल तर साधं स्केलिंगही (दातांची सफाई) करता येत नाही.

गोंधळाला कारण आहे. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग अधिनियमात ‘नॅशनल एक्झिट टेस्ट (डेंटल)’ची तरतूद आहे: अंतिम वर्षाची एकच सामाईक परीक्षा, तिच्यावरच परवाना आणि तिच्यावरच एमडीएसचा प्रवेश. तुमच्या बॅचला ती लागू आहे की नीट-एमडीएस, हे ठरवायचं ते अधिकृत अधिसूचनेवरून, क्लासच्या जाहिरातीवरून नव्हे. परदेशातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या भारतीयांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना फॉरेन डेंटल स्क्रीनिंग टेस्ट द्यावी लागते आणि तिचा निकाल खरोखरच परवान्याच्या वाटेवरचा असतो. तीही नीट-एमडीएस घेणारंच मंडळ घेतं, त्यामुळे संकेतस्थळावर दोन्हींच्या सूचना शेजारी शेजारी दिसतात. सूचना उघडण्याआधी परीक्षेचं नाव नीट वाचा.

अमेरिकेचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच: तिकडची आयएनबीडीई ही अस्सल परवाना परीक्षा. ४९ ते ९९ च्या मोजपट्टीवर ७५ ला पास. पास झालेल्याला आकडा कळतच नाही, फक्त ‘पास’ कळतं; आकडा मिळतो तो नापास झालेल्याला. नीट-एमडीएस बरोबर उलट. इथे सगळा खेळ आकड्याचा.

पीडीएफमध्ये आपला नंबर शोधणं

परीक्षा नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स इन मेडिकल सायन्सेस, थोडक्यात एनबीईएमएस, घेतं. निकाल आधी एका लांबलचक पीडीएफमध्ये येतो: रोल नंबर, ॲप्लिकेशन आयडी, ९६० पैकी गुण आणि रँक. नाव नसतं. प्रत्येकाचं स्वतंत्र स्कोअरकार्ड काही दिवसांनी लॉगिनमध्ये येतं. घरी पोस्टाने काही येत नाही.

फाइल मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नुसती उघडून शोधू नका. शेकडो पानांची फाइल अर्धवट लोड झालेली असते, तुम्ही नंबर टाकता, ‘सापडलं नाही’ असं येतं आणि घरात सुतकी कळा पसरते. फाइल आधी पूर्ण डाउनलोड करा, मग पीडीएफ वाचण्याच्या ॲपमध्ये उघडा आणि रोल नंबरचे सगळे अंक टाकून शोधा. शेवटचे चारच अंक टाकलेत तर ते दुसऱ्या कुणाच्या ॲप्लिकेशन आयडीतही सापडतील. ओळ मिळाली की तिचे दोन्ही नंबर प्रवेशपत्राशी ताडून बघा आणि मगच पेढे आणा.

तरीही नंबर नसेल तर निकालाच्या सूचनेचा मजकूर वाचा. कुणाचा निकाल राखून ठेवला आहे किंवा उमेदवारी रद्द केली आहे, याचा उल्लेख तिथेच असतो.

स्कोअरकार्ड आलं की त्याच दिवशी उतरवून तीन ठिकाणी ठेवा: स्वतःच्या ईमेलवर, पेनड्राइव्हवर आणि दोन रंगीत प्रिंट. अर्ज सायबर कॅफेतून भरला असेल आणि ईमेल किंवा मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा टाकला गेला असेल, तर पासवर्ड विसरल्यावर पंचाईत होते. हे निकालाआधीच तपासून ठेवलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘सुधारित निकाल’ आणि ‘कटऑफ कमी’च्या नोटिसांबद्दल एक साधी चाचणी आहे. जुलै २०२० पासून एनबीईएमएसच्या सूचनांवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की तीच सूचना मंडळाच्या संकेतस्थळावर उघडली पाहिजे. उघडली नाही तर कागद खोटा. गुण वाढवून देतो म्हणून फोन करणाऱ्यांशी बोलूच नका. फेरतपासणी आणि गुणांची फेरमोजणी या परीक्षेत नसतेच, मग वाढवणार कुठून?

आकडे कसे वाचायचे

प्रश्न २४०, प्रत्येकी ४ गुण, चुकीला १ वजा, सोडलेल्याला शून्य. समजा ११२ बरोबर, ९८ चूक, ३० सोडले. ४४८ उणे ९८, म्हणजे ३५०. टक्केवारी काढाल तर जेमतेम साडेछत्तीस येते आणि बीडीएसला पहिल्या वर्गात आलेल्या मुलाला ती बघून घाम फुटतो. इथे टक्केवारीला किंमत नाही. बघायचा तो पर्सेंटाइल आणि रँक.

पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या बरोबरीचे किंवा तुमच्या मागे आहेत. २०,००० जण बसले आणि तुमचा रँक ५,००१ असेल, तर तुमच्यासकट १५,००० जण त्या रेषेवर वा खाली, म्हणून ७५ पर्सेंटाइल. पात्रतेसाठी खुल्या व ईडब्ल्यूएस प्रवर्गाला ५०, खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांना ४५ आणि एससी, एसटी, ओबीसींना ४० पर्सेंटाइल लागतो. २०२४ मध्ये ५० पर्सेंटाइलला गुण होते २६३, २०२५ मध्ये २६१. म्हणजे ९६० च्या साधारण सव्वासत्तावीस टक्के. वरच्या उदाहरणातला साडेछत्तीस टक्केवाला त्या दोन्ही वर्षी आरामात पात्र ठरला असता.

‘पात्र’ या शब्दावर फार खूश होऊ नका. त्याचा अर्थ इतकाच की कौन्सेलिंगला नोंदणी करता येईल. आणि तो निकाल त्या वर्षीच्या प्रवेशापुरताच चालतो, पुढच्या वर्षी नाही.

उलट बाजूही खरी. कटऑफच्या खाली राहिलात म्हणून स्कोअरकार्ड कपाटात टाकून देऊ नका. जागा रिकाम्या राहिल्या की आरोग्य मंत्रालय मधल्या टप्प्यावर पर्सेंटाइल खाली आणतं. २०२४ मध्ये तो २१.६९२ ने उतरवला आणि खुल्या प्रवर्गाची रेषा २८.३०८ वर आली. त्याने कुणाचा रँक बदलत नाही, फक्त दार उघडतं, आणि ते दार थोडेच दिवस उघडं असतं. अशा वेळी कागद तयार असलेल्यालाच जागा मिळते. हाती लागतात त्या बहुधा ओरल पॅथॉलॉजी, पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री अशा शाखा किंवा महागड्या अभिमत महाविद्यालयांतल्या जागा. ऑर्थो, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याची शाखा, तेव्हा मिळेल ही आशा सोडलेली बरी.

रँकबाबतही एक गोष्ट लक्षात असू द्या. स्कोअरकार्डवरचा रँक देशभराचा. सीईटी सेल नोंदणी केलेल्यांची स्वतःची गुणवत्ता यादी लावतो आणि चार आकडी अखिल भारतीय रँक तिथे तीन आकडीही होऊ शकतो. मागच्या वर्षाशी तुलना करताना एका यादीतला नंबर दुसऱ्या यादीच्या कटऑफला लावला की सगळा अंदाज फसतो. ही चूक फार जण करतात.

कोणतं महाविद्यालय कोणत्या खिडकीवर

सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर: या दोन्हींच्या एमडीएसच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात, म्हणजे एमसीसीकडे. उरलेल्या निम्म्या सीईटी सेलकडे. म्हणून या दोन ठिकाणी जायचं असेल तर दोन्हीकडे नोंदणी हवीच.

नेरुळचं डी. वाय. पाटील आणि सीबीडी बेलापूरचं भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठांची महाविद्यालयं. फक्त एमसीसी.

नेरुळचं तेरणा आणि खारघरचं वाय. एम. टी. ही खासगी विनाअनुदानित. फक्त सीईटी सेल, आणि त्यातही राज्य कोटा, संस्थेचा कोटा आणि एनआरआय कोटा अशा वेगळ्या रांगा. यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. ‘डोनेशन किती?’ हा प्रश्न दोन्हीकडे निरर्थक आहे. जागा यादीतूनच मिळते आणि फी जाहीर असते. कुणी मधला माणूस रोख मागत असेल तर तो तुमच्या गुणांवर आपोआप मिळणारीच जागा तुम्हाला विकतोय.

मागच्या वर्षीचे आकडे बघायचे ते एमसीसीच्या फेरीनिहाय वाटपाच्या पीडीएफमध्ये. त्यात प्रत्येक ओळीत रँक, कोटा, महाविद्यालय, शाखा आणि प्रवर्ग असतो. स्वतःचा कोटा व प्रवर्ग आणि हवी ती शाखा, एवढ्याच ओळी वेगळ्या काढा, शेवटच्या फेरीतला सर्वांत खालचा रँक टिपा आणि हेच आणखी एका वर्षासाठी करा. अभिमतच्या ओळी सरकारीच्या ओळींत मिसळू नका. अभिमतमध्ये रँक फार खालीपर्यंत उतरतो तो फीमुळे, महाविद्यालयाच्या दर्जाचा त्यातून काही अंदाज लागत नाही.

दाखले: खरी धावपळ इथे

बीडीएसला घेतलेले दाखले पाच वर्षांपूर्वीचे असतात. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस चालत नाही. मुदत बघा.

दाखला कुठून काढायचा हा नवी मुंबईकरांचा जुना घोळ. ऐरोलीपासून सीबीडी बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ दोन्हीकडे लिहिलेलं असतं, म्हणून ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज भरताना जिल्हा चुकतो आणि अर्ज आठवड्याने परत येतो. आपला भाग कोणत्या तालुक्यात येतो ते बघून भरा.

जातीच्या दाखल्याचं गणित आणखी वेगळं. तो आज तुम्ही कुठे राहता यावर नाही, मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेला, तुमचे आजोबा-पणजोबा कुठे राहत होते यावर मिळतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. कोपरखैरणे-घणसोलीतली कितीतरी माथाडी कुटुंबं सातारा-पुण्याकडची. त्यांच्या मुलांचा दाखला गावाकडच्या प्रांत कार्यालयातून निघतो आणि वैधताही त्याच जिल्ह्याच्या समितीकडून. ते काम राहिलं असेल तर निकालाची वाट न बघता एसटी पकडा.

आता सर्वांत जास्त नडणारा मुद्दा. एमसीसीकडे ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतला ओबीसी, आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही. दोन्हींचे अर्ज वेगळे. कागदावर ‘भारत सरकारच्या सेवा व संस्थांतील प्रवेशासाठी’ या अर्थाचा मजकूर आहे का ते बघा. नसेल तर तो राज्याचा. राज्यात भटक्या जमाती, विमुक्त जाती वा विशेष मागास प्रवर्गात असलेल्यांनी आपल्या जातीचं नाव केंद्रीय ओबीसी यादीत शोधावं. असेल तर एमसीसीकडे ओबीसी म्हणून नोंदणी करावी. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा प्रवर्ग आहे, एमसीसीकडे तो नाही. तिथे अशा उमेदवाराची नोंदणी खुल्या प्रवर्गात होते, आणि उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएसमध्ये.

नीटच्या अर्जात जो प्रवर्ग टाकला तोच पुढे धरला जातो. तिथे चुकून ‘जनरल’ टाकलं असेल तर दुरुस्तीची खिडकी निकालाआधीच बंद झालेली असते.

अधिवासाच्या दाखल्याबाबत: पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात निवासावर आधारलेलं आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ ला घटनाबाह्य ठरवलं. तेव्हापासून राज्य कोट्याच्या पात्रतेचे नियम ऐकीव माहितीवर धरून चालणं धोक्याचं झालं आहे. दाखला काढून ठेवा, पण ‘मी महाराष्ट्राचा, म्हणजे राज्य कोटा माझाच’ हे गृहीत धरू नका. विशेषतः बीडीएस कर्नाटकात केलेल्यांनी सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचावा.

पैसे आणि पसंतीक्रम

एमसीसीकडे अखिल भारतीय कोट्यासाठी नोंदणी शुल्क खुल्या व ईडब्ल्यूएस प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गांना व दिव्यांगांना ५०० रुपये. परतावा मिळणारी अनामत अनुक्रमे २५,००० आणि १०,०००. अभिमतसाठी नोंदणी ५,००० आणि अनामत २ लाख. आकडे भरण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपत्रकाशी जुळवून घ्या.

अनामत परत येते ती ज्या खात्यातून वा कार्डावरून गेली त्यातच. म्हणून कॅफेवाल्याच्या किंवा मावसभावाच्या कार्डावरून भरू नका, आणि परतावा येईपर्यंत ते खातं बंद करू नका. पैसे गेले पण पावती आली नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी लॉगिनमध्ये व्यवहाराची स्थिती बघा.

पसंतीक्रम भरताना दोन गोष्टी. पहिली: क्रम आवडीचा लावा, शक्यतेचा नको. वाटप गुणवत्तेनुसार एकेका उमेदवाराची यादी वरून खाली वाचत जातं. वर अशक्य पर्याय ठेवल्याने खालची जागा जात नाही. शक्यतेनुसार लावलं तर मिळणारी चांगली जागा मात्र हमखास जाते. दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची आणि जास्त महागात पडणारी: जिची फी भरणार नाही ती जागा यादीत टाकूच नका. ‘बघू तरी मिळते का’ म्हणून दुसऱ्या फेरीत अभिमतचं ऑर्थो टाकायचं, ते मिळायचं, फी बघून घरी शांतता पसरायची आणि २ लाख अनामत जायची, असं होतं. यादी भरायच्या आधी प्रत्येक महाविद्यालयाची वार्षिक फी, वसतिगृह, विद्यापीठाचं शुल्क आणि बँक गॅरंटीची अट शेजारी लिहून तीनने गुणा.

भरून झालं की लॉक करा. लॉक केलं नाही तर मुदतीला ते आपोआप होतं, पण तेव्हा तुमचा क्रम अर्धवट असेल तर अर्धवटच जातो. लॉक केलेल्या यादीची प्रिंट काढा. नव्या फेरीत पसंतीक्रम नव्याने भरावा लागतो.

कर्ज लागणार असेल तर त्याची सुरुवात वाटपानंतर करून चालत नाही. साडेसात लाखांच्या वर बँका साधारणतः तारण मागतात. तारण म्हणून घर दाखवायचं तर नवी मुंबईत एक अडसर येतो: सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवरचा फ्लॅट गहाण ठेवायला सिडकोचं ना-हरकत पत्र लागतं, आणि सोसायटीचं वेगळं. ठाण्यात जुन्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बँकेचा वकील तिथेच थांबवतो. जॉइन व्हायला मिळतात मोजके दिवस आणि ही पत्रं त्यात येत नाहीत. म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात बँकेत जाऊन तत्त्वतः मंजुरीची फाइल उघडा. वाटपपत्र आणि फीचा तक्ता नंतर जोडता येतो.

फेऱ्यांचे नियम

एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तरी दंड नाही. जॉइन होऊन अपग्रेडला होकार दिलात आणि दुसऱ्या फेरीत वरची पसंती मिळाली, तर आधीची जागा त्याच क्षणी गेली. परत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडली की अनामत जाते. दुसऱ्या फेरीपासून पुढे जॉइन झालेल्यांना राजीनाम्यालाही बंधनं आहेत, आणि त्यांची नावं राज्यांकडे जातात, त्यामुळे दोन्ही होड्यांत पाय ठेवता येत नाही. सर्वांत शेवटच्या स्ट्रे, म्हणजे उरल्यासुरल्या जागांच्या, फेरीत जागा घेऊन न जाणं सर्वांत वाईट: अनामत तर जातेच, शिवाय पुढच्या परीक्षेला बंदीची तरतूद असते.

म्हणून एमसीसी आणि सीईटी सेलचं वेळापत्रक एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा. तेरणाचं पेडो (लहान मुलांच्या दातांची शाखा) तुम्हाला बेलापूरच्या ओरल मेडिसिनपेक्षा हवं असेल, तर राज्याची यादी लागायच्या आत एमसीसीची दुसरी फेरी येते का, हे त्या कागदावर दिसतं. तिथेच ठरवायचं, वाटपाच्या रात्री नाही.

जॉइन व्हायच्या दिवशी

मूळ कागद: वाटपपत्र, प्रवेशपत्र, स्कोअरकार्ड, बीडीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, दंत परिषदेची नोंदणी, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि लागू असतील ते दाखले. साक्षांकित प्रतींचे तीन संच आणि अर्जावर लावलेलाच फोटो, आठ-दहा प्रती. नवा, हसरा फोटो काढून नेऊ नका. आरोग्य विज्ञान विद्यापीठातून अभिमतमध्ये जाणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. ते नाशिकहून येतं, अर्ज आधीच टाका. मधलं एखादं वर्ष दवाखान्यात नोकरी करण्यात गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र.

इंटर्नशिपची तारीख दिवसाच्या हिशेबाने बघितली जाते. नीट-एमडीएसच्या माहितीपत्रकात ती कधीपर्यंत संपायला हवी याची तारीख दिलेली असते, सहसा ३१ मार्च, कधी वाढवूनही दिलेली. आजारपणामुळे दहा दिवस वाढलेत आणि तुम्ही त्या तारखेच्या पलीकडे गेलात, तर चांगला रँकही टेबलावर टिकत नाही. प्रमाणपत्रावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही तारखा असल्याची खात्री करा.

नावाचा प्रश्न मुलींना जास्त येतो. विद्यापीठाच्या कागदावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढ्याने कुणी अडवत नाही. अडवतात ते स्पेलिंगच्या फरकाला आणि लग्नानंतर बदललेल्या आडनावाला. त्यासाठी राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवा.

ठाण्याहून नेरुळ ट्रान्स-हार्बरने थेट आहे, पण शेवटच्या दिवशी दुपारी पोहोचण्याचा बेत करू नका. कागद तपासून झाल्यावर महाविद्यालयाने तुमचा प्रवेश ऑनलाइन नोंदवला पाहिजे. फी भरली, पावती घेतली आणि ती नोंद राहिली, तर एमसीसीच्या लेखी तुम्ही गेलेलाच नाहीत. संगणकातून निघालेलं प्रवेश झाल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय कार्यालय सोडू नका. मूळ कागद ठेवून घेतले तर त्यांची यादी शिक्क्यानिशी मागा.

परिषदेची नोंदणी

जागा मिळो न मिळो, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं काम मागे ठेवू नका. इंटर्नशिपच्या आधी मिळते ती तात्पुरती नोंदणी. ती प्रॅक्टिससाठी नाही. इंटर्नशिप संपली की कायम नोंदणी करून घ्यायची. नोंदवहीच्या ‘अ’ भागात नाव लागतं आणि म्हणून आपल्याकडच्या दंतवैद्यांच्या नोंदणी क्रमांकाआधी ‘ए’ दिसतो. ज्यांनी बीडीएस दुसऱ्या राज्यात केलं आणि तिथेच नोंदणी झाली, त्यांनी इकडे प्रॅक्टिस करण्याआधी ती नोंदणी महाराष्ट्रात वर्ग करून घ्यायला हवी.

नूतनीकरण शुल्क चुकवलं तर नोंदवहीतून नाव काढण्याची तरतूद कायद्यात आहे. पीजी करताना तीन वर्षं हे हमखास विसरलं जातं, कारण तेव्हा सह्या गाइडच्या नावावर होत असतात. मोबाइलमध्ये स्मरणसूचना लावा. आणि एमडीएस पूर्ण झाल्यावर ती पदवी अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवून घ्या. ती नोंद होऊन कागद हातात आला, मगच पाटी रंगवणाऱ्याला ‘ऑर्थोडॉन्टिस्ट’ लिहायला सांगा.